सायबर सुरक्षा विश्लेषकांची दृश्यसाधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉकमध्ये, म्हणजे सायबर सुरक्षेच्या देखरेख केंद्रात, काम करणारी मुलंमुली, बँकांच्या आयटी विभागातली मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्याकडून डेटा आलेखांतून दाखवणाऱ्या साधनांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे विषय दुसऱ्या उत्तराला जोडलेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. रात्री तीन वाजता अलर्टसमोर बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायला मदत होते की नाही, यावरूनच साधनाची परीक्षा व्हावी.

१. सॉक म्हणजे काय आणि तिथला विश्लेषक नेमकं करतो काय?

सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे संस्थेच्या संगणकांवर आणि नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारा विभाग. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ च्या परिपत्रकात बँकांना अशी केंद्रं उभारायला सांगितलं. एल-वन (पहिल्या पातळीवरचा) विश्लेषक आलेला अलर्ट, म्हणजे यंत्रणेचा इशारा, उघडतो, तो खरा की खोटा हे ठरवतो आणि शंका वाटली तर टिकेट (त्या प्रकरणाची नोंद) एल-टूकडे, म्हणजे दुसऱ्या पातळीकडे, सरकवतो. एल-टू वेगवेगळ्या लॉगमधले (यंत्रांनी आपोआप लिहिलेल्या नोंदींमधले) धागे जोडून पाहतो. त्याच्याही पुढे झालेल्या घुसखोरीचा माग काढणारे असतात.

अमेरिकेत अनिता डी'अमिको आणि कर्स्टन व्हिटली यांनी विश्लेषकांच्या मुलाखती घेऊन, त्यांचं काम पाहून हाच प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. कच्चा डेटा, त्यातलं लक्ष वेधणारं, त्यातलं संशयास्पद, मग घटना, आणि शेवटी एकाच हल्लेखोराशी जोडता येणाऱ्या घटनांचे गट. प्रत्येक पायरीवर डेटा कमी होतो आणि माणसाचा विचार वाढतो. एल-वनला लागणारी स्क्रीन आणि एल-टूला लागणारी स्क्रीन एकच का असू शकत नाही, याचं उत्तर यातच आहे.

२. 'माणूस केंद्रस्थानी' ठेवणं म्हणजे स्क्रीन देखणी करणं का?

नाही. विश्लेषकाशेजारी एक पूर्ण शिफ्ट बसा, लगेच कळेल. तो एका खिडकीतून आयपी पत्ता (नेटवर्कवरच्या यंत्राचा क्रमांक) कॉपी करतो, दुसरीत चिकटवतो, तिसरीत तारीख पुन्हा टाईप करतो, आणि पाचव्या खिडकीपर्यंत पोहोचेतो सुरुवातीला काय शोधत होतो तेच निसटतं. इथे नवा आलेख नको असतो. त्याच पत्त्यावर उजवं क्लिक केलं की त्याच वेळेचे फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा गाळणारी यंत्रणा), डीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि लॉगिनचे लॉग समोर यावेत, एवढंच हवं असतं. शिफ्ट बदलताना 'मी काय पाहिलं, काय सोडलं, का सोडलं' हे पुढच्याच्या हाती आपोआप जावं, हेही तितकंच मोलाचं.

बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये एक क्रम सुचवला होता : आधी एकंदर चित्र, मग जवळ जाणं आणि गाळणं, आणि मागितल्यावर तपशील. तो आजही उपयोगी आहे. पण सॉकमध्ये बहुतेकदा उलटा प्रवास होतो. हातात एकच अलर्ट असतो आणि तिथून बाहेर बाहेर जात संदर्भ गोळा करायचा असतो. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारं साधन मी चांगलं मानते.

३. यंत्रणा आपोआप अलर्ट देते, मग माणूस आणि आलेख कशाला?

कारण अलर्ट देणं आणि अलर्ट समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीवर २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालेला हल्ला आठवा. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. फायरआय या यंत्रणेने ३० नोव्हेंबरलाच इशारा दिला होता. बंगळुरूच्या देखरेख पथकाने तो मिनियापोलिसच्या केंद्राला कळवलाही. पुढे कारवाई झाली नाही.

हे वाचून 'विश्लेषक झोपले होते' असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. रोज शेकडो सारख्याच दिसणाऱ्या ओळींमध्ये एक ओळ वेगळी आहे हे ओळखायला संदर्भ लागतो. हा संगणक कशाचा आहे, याच्यावर पूर्वी असं कधी झालं होतं का, याच वेळी शेजारच्या यंत्रांवर काय चाललं आहे? हे प्रश्न ज्या स्क्रीनवर एका नजरेत सुटतात, तिथे इशारा वाया जाण्याची शक्यता कमी होते.

४. आमच्याकडे शंभरातले नव्याण्णव अलर्ट खोटे निघतात. टूल खराब आहे का?

तसंच असेल असं नाही. साधं गणित करून पाहा. समजा दिवसाला १० लाख नोंदी येतात आणि त्यांतल्या १० खरोखर वाईट आहेत. यंत्रणा वाईट नोंदींपैकी ९९ टक्के पकडते, आणि चांगल्या नोंदींपैकी फक्त ०.१ टक्क्यावर चुकून अलर्ट देते. ऐकायला उत्तम. पण ०.१ टक्का म्हणजे सुमारे १,००० खोटे अलर्ट, आणि खरे १०. म्हणजे शंभरात एकच खरा. वाईट गोष्टी मुळातच दुर्मिळ असल्या की असंच होतं. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी घुसखोरी शोधणाऱ्या यंत्रणांबाबत हे १९९९ मध्ये दाखवून दिलं.

म्हणून अलर्टची लांबलचक यादी वेळेनुसार लावून ठेवू नका. एकाच यंत्राशी किंवा एकाच वापरकर्त्याशी निगडित अलर्ट एकत्र बांधा. एकाच यंत्रावर तासाभरात तीन वेगळ्या प्रकारचे अलर्ट आले, तर ते एकाच प्रकारच्या तीनशे अलर्टपेक्षा आधी पाहावेत.

५. पैसे नाहीत. कोणत्या साधनांनी सुरुवात करू?

मुक्त साधनांत खूप काही आहे. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, पाहायला वायरशार्क. नेटवर्कवरच्या संभाषणांचे नीटस लॉग हवेत तर झीक. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये बर्कली प्रयोगशाळेत हे 'ब्रो' नावाने सुरू केलं, २०१८ मध्ये नाव बदललं. डॅशबोर्डसाठी, म्हणजे अनेक आलेख एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी, किबाना किंवा ग्राफाना. घटनेची कालरेषा अनेकांनी मिळून उभी करायची असेल तर टाइमस्केच. सांकेतिक मजकूर उलगडायला ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने २०१६ मध्ये खुलं केलेलं सायबरशेफ. हे वेगवेगळं बसवायचा कंटाळा येत असेल तर सिक्युरिटी ओनियनमध्ये बरंच एकत्र मिळतं.

माझं मत विचाराल तर पहिले काही महिने ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचा निकाल एकत्र ठेवणारं साधन) आणि पांडास (तक्त्यांतला डेटा हाताळणारी पायथनची लायब्ररी) शिका. तयार डॅशबोर्ड दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नोटबुकमध्ये प्रश्न तुमचा असतो आणि तुम्ही काय केलं ते पायरी-पायरीने लिहून राहतं.

६. कोणत्या गोष्टीसाठी कोणता आलेख?

आधी प्रश्न ठरवा, आलेख त्यातून निघतो.

कोणी पोर्ट (यंत्रावरच्या सेवांचे क्रमांकित दरवाजे) तपासत फिरतंय का, हे पाहायचं असेल तर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर गंतव्य पोर्ट घेऊन ठिपके मांडा. एकाच यंत्रावरचे सगळे पोर्ट भराभर तपासणारा उभी किंवा तिरकी रेघ उमटवतो. एकच पोर्ट अनेक यंत्रांवर तपासणारा इथे आडवी रेघ देतो, पण उभ्या अक्षावर गंतव्य पत्ते घेतले तर तोही उभा दिसतो. डोळ्याला हे क्षणात दिसतं, यादीत तासभर दिसत नाही.

एखादा संगणक बाहेरच्या हल्लेखोराला ठरावीक अंतराने 'मी आहे' असं कळवतोय का? इथे वेळ थेट मांडू नका. लागोपाठच्या दोन संपर्कांमधलं अंतर काढा आणि त्याचा हिस्टोग्राम (कोणतं अंतर किती वेळा आलं याचा स्तंभालेख) करा. माणसाचं ब्राउझिंग सगळीकडे पसरतं. यंत्राचं एका जागी उंच सुळका देतं. कोबाल्ट स्ट्राइक या हल्लेखोरही वापरतात त्या साधनाचं मूळ अंतर ६० सेकंदांचं आहे, त्यामुळे न बदललेली प्रत लगेच उठून दिसते. अंतरात मुद्दाम कमीजास्त केलं असेल तर सुळका रुंद होतो, पण नाहीसा होत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. अँटिव्हायरसचे अपडेट आणि घड्याळ जुळवणारे प्रोग्रामही अगदी असेच नियमित असतात. म्हणून सुळक्याशेजारी 'या पत्त्याशी आपल्याकडची किती यंत्रं बोलतात' हा आकडा ठेवा. सगळा ऑफिस बोलत असेल तर बहुधा अपडेट. एकटंच यंत्र बोलत असेल तर उठून बसा.

डीएनएसमधून माहिती बाहेर नेली जातेय असा संशय असेल तर प्रत्येक डोमेनसाठी एक ठिपका काढा. एका अक्षावर वेगळ्या उपडोमेनांची संख्या आणि दुसऱ्यावर नावांची सरासरी लांबी. वरच्या उजव्या कोपऱ्यातले ठिपके तपासा. क्लाउड आणि जाहिरातसेवांची डोमेनंही तिथे सापडतील. ती ओळखून बाजूला काढावी लागतात.

बाइटचे आकडे काही शेंकड्यांपासून अब्जांपर्यंत जातात, तेव्हा लॉगरिदमिक (प्रत्येक पायरीला दहापट वाढणारी) मोजपट्टी वापरा. आणि तुलना करायची असेल तर लांबी किंवा मोजपट्टीवरची जागा यांवर भर द्या, वर्तुळाच्या फाकींवर नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांच्या १९८४ च्या प्रयोगांत समान मोजपट्टीवरची जागा लोकांनी सर्वांत अचूक वाचली. कोन आणि क्षेत्रफळ मागे पडले.

७. वरिष्ठांना भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर धावणाऱ्या रेषा हव्या आहेत. काय सांगू?

रेष जिथून निघालेली दिसते तिथे हल्लेखोर बसलेला असतोच असं नाही, हे सांगा. तो दुसऱ्या देशातला भाड्याचा सर्व्हर असेल, कोणाचा तरी बाधित राउटर असेल किंवा व्हीपीएनचं (खरा पत्ता झाकणाऱ्या जोडणीचं) टोक असेल. अशा नकाशावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. नॉर्स या कंपनीचा असा नकाशा एकेकाळी जगभर दाखवला जायचा. कंपनी २०१६ मध्ये बंद पडली.

वरिष्ठांची गरज मात्र खरी असते. विभाग काम करतोय का, धोका वाढतोय का, हे त्यांना कळायला हवं. त्यांना न तपासलेल्या अलर्टचं वय, लॉग पाठवणं थांबवलेल्या यंत्रांची संख्या आणि मागच्या आठवड्याशी तुलना दाखवा. नकाशाला एकच चांगला उपयोग आहे : एकच कर्मचारी सकाळी नाशिकहून आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या खंडातून लॉगिन करताना दिसला, तर ते अंतर डोळ्यांसमोर येतं. तिथेही व्हीपीएन आधी तपासा.

८. नेटवर्कचा ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) काढला की नुसता गुंता होतो. मग ग्राफ काढायचेच नाहीत का?

काढा, पण सगळं एकदम काढू नका. एका संशयित यंत्रापासून सुरू करा, एक पायरी उलगडा, नको ते मिटवा, मग पुढची पायरी. ग्राफ तेव्हा शोभतो जेव्हा प्रश्नच मार्गाचा असतो. २०१६ मध्ये आलेलं ब्लडहाउंड हे त्याचं उत्तम उदाहरण. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कमधली खाती आणि अधिकार सांभाळणाऱ्या यंत्रणेत) एका साध्या वापरकर्त्याच्या खात्यापासून डोमेन अ‍ॅडमिनपर्यंत, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यापर्यंत, जाणारी सर्वांत छोटी वाट ते दाखवतं. प्रश्न 'कोण किती' असा असेल तर क्रमाने लावलेला साधा स्तंभालेख पुरतो.

९. लाल, पिवळा, हिरवा एवढे रंग पुरेत ना?

रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांना लाल आणि हिरवा सारखेच भासू शकतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, आपल्याकडेही असे सहकारी असतातच. म्हणून रंगासोबत आकार किंवा अक्षर द्या. कमी-जास्त दाखवताना विरिडिससारखी रंगपट्टी घ्या. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने २०१७ पासून तीच मूळ पट्टी केली. लाल रंग मात्र राखून ठेवा. अर्धी स्क्रीन कायम लाल असेल तर लाल दिसणंच बंद होतं.

१०. दोन टूलमध्ये एकाच घटनेची वेळ वेगळी दिसते. कोणती खरी?

बहुधा दोन्ही खऱ्या असतात, फक्त वेगळ्या घड्याळांच्या. हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की सविस्तर सांगते.

विंडोजचे लॉग वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतात आणि दाखवताना बदलतात. किबाना सहसा तुमच्या ब्राउझरचा टाइमझोन धरतं. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये (लिनक्स आणि नेटवर्क यंत्रांच्या लॉगमध्ये) तर टाइमझोनही नसतो आणि वर्षही नसतं. त्यात आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तास भारतात नेहमी घोळ घालतो. साधनाने यूटीसीप्रमाणे तासातासाचे स्तंभ पाडले, तर ते आपल्या साडेआठ ते साडेनऊ असे पडतात आणि सकाळी नऊच्या लॉगिनची गर्दी चुकीच्या जागी कापली जाते. दिवसाचे स्तंभ पहाटे साडेपाचला सुरू होतात. मंगळवारी पहाटे दोनला झालेली घटना सोमवारच्या स्तंभात जाऊन बसते.

उपाय : साठवण यूटीसीत, दाखवणं भारतीय वेळेत, स्तंभही भारतीय वेळेनुसार, आणि प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात टाइमझोन स्पष्ट लिहिलेला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे, लॉग १८० दिवस ठेवायला आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायलाही. सहा तासांच्या मुदतीत साडेपाच तासांची चूक परवडत नाही.

११. आलेखात मध्येच रिकामी जागा दिसते. म्हणजे तेव्हा काही घडलं नाही?

किंवा लॉग पाठवणारा एजंट (यंत्रावरचा छोटा प्रोग्राम) बंद पडला. किंवा कोणी तो बंद केला, आणि हल्लेखोराला तेच हवं असतं. 'काही घडलं नाही, म्हणून नोंदी शून्य' आणि 'नोंदी आपल्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत' हे दोन वेगळे प्रसंग आहेत. साधनाने ते वेगळे दाखवायलाच हवेत. ग्राफानामध्ये रिकाम्या जागा शून्य धरायच्या, जोडायच्या की तशाच ठेवायच्या हे निवडता येतं. सुरक्षेच्या कामात तशाच ठेवा.

फ्लोचा, म्हणजे कोण कोणाशी किती बोललं याचा, डेटा नमुना पद्धतीने घेतला असेल, समजा हजारात एक पॅकेट, तर छोटे संपर्क आलेखात येणारच नाहीत. हे प्रमाण आलेखावर लिहा. त्याशिवाय 'संपर्क झाला नाही' असं कोणी म्हणू नये.

१२. एक आयपी पत्ता म्हणजे एक माणूस असं धरू का?

नको. मोबाइल कंपन्यांच्या नॅटमागे (एक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक असतात. ऑफिसात डीएचसीपीमुळे (पत्ते तात्पुरते वाटणाऱ्या सेवेमुळे) सकाळचा पत्ता संध्याकाळी दुसऱ्या लॅपटॉपला मिळतो. आयपी-सहामध्ये (पत्त्यांच्या नव्या पद्धतीत) तर एकच फोन दिवसभरात अनेक तात्पुरते पत्ते वापरतो. म्हणून आलेख पत्त्यावर न बांधता यंत्र किंवा खातं यांवर बांधा आणि मधली जोडणी डीएचसीपी आणि लॉगिनच्या लॉगमधून, त्या क्षणापुरती करा. वेळेचा घोळ असेल तर (प्रश्न १०) ही जोडणी भलत्याच माणसावर बोट दाखवते. असा आरोप झाल्यावर मागे घेणं फार कठीण असतं.

१३. पुण्याच्या कॉसमॉस बँकेसारख्या प्रकरणात आलेखाचा काय उपयोग झाला असता?

'झाला असता' असं छातीठोक कोणी म्हणू नये, पण त्यातून काय दाखवायला हवं हे शिकता येतं. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशजाळ्यामार्फत सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. हल्लेखोरांनी एटीएम स्विचच्या (एटीएमचे व्यवहार बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेच्या) जागी स्वतःची यंत्रणा घुसवून बँकेच्या मूळ प्रणालीला न विचारताच व्यवहार मंजूर केले.

म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी जुळायला हव्या होत्या : कार्ड नेटवर्ककडची मंजुरी आणि मूळ बँकिंग प्रणालीतली वजावट. या दोन रेषा एकाच आलेखावर, आणि त्यांतला फरक खाली तिसऱ्या रेषेत. फरक शून्याजवळ असायला हवा. तो वर सरकला की सुट्टीच्या दिवशीही कोणाला तरी फोन गेला पाहिजे. एकाच प्रणालीचे लॉग कितीही सुंदर मांडले तरी हा प्रकार दिसणार नाही, कारण तीच प्रणाली हल्लेखोराच्या हातात असते.

१४. माइटर अ‍ॅटॅकच्या तक्त्यात आमचे बहुतेक चौकोन हिरवे आहेत. आम्ही सुरक्षित आहोत ना?

माइटर संस्थेचा हा तक्ता हल्लेखोरांची तंत्रं चौकोनांत मांडतो. हिरव्याचा अर्थ काय ठरवला आहे? एखाद्या तंत्रासाठी एक नियम लिहिला म्हणून चौकोन हिरवा झाला असेल, तर तेच तंत्र दुसऱ्या चार प्रकारे वापरलं जाऊ शकतं. तीन वेगळ्या पायऱ्या दाखवा : लॉग येतो, नियम आहे, आणि नियम प्रत्यक्ष चाचणीत चालला. तिसऱ्या पायरीवर तारीखही लिहा. मागच्या वर्षी चाललेला नियम आज चालतोच असं नाही.

१५. सरावासाठी खरा डेटा कुठे मिळेल?

लॉस अ‍ॅलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांच्या नेटवर्कचा ५८ दिवसांचा डेटा नावं झाकून २०१५ मध्ये खुला केला. त्यात सरावी हल्ल्याच्या नोंदीही आहेत. दृश्यांकनासाठी व्हास्ट चॅलेंज या स्पर्धेचे २०१२ आणि २०१३ चे संच चांगले. स्प्लंकचा 'बॉस ऑफ द सॉक' संच तपासाच्या सरावाला उत्तम. केडीडी ९९ हा जुना संच मात्र प्रकल्पासाठी घेऊ नका. तो १९९८ च्या कृत्रिम रहदारीवर बेतलेला आहे आणि आजच्या नेटवर्कशी त्याचा संबंध उरलेला नाही, तरी महाविद्यालयांतून तोच फिरत राहतो.

१६. आमचं साधन चांगलं आहे की नाही, हे कसं तपासायचं?

'आवडलं का' असं विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. आधीच निकाल माहीत असलेली घटना द्या, विश्लेषकाला मोठ्याने बोलत काम करायला सांगा आणि गप्प बसा. कुठे थांबला, कुठे मागे आला, केव्हा साधन सोडून कमांड लाइन उघडली, ते टिपा. बरोबर निर्णय किती, चुकीचा निर्णय किती खात्रीने घेतला, हेही मोजा. काही घटना निरुपद्रवी ठेवा; 'काही नाही' असं ठामपणे सांगता येणं ही या कामाची अर्धी बाजू आहे. शेवटी महिनाभर खऱ्या शिफ्टमध्ये वापरू द्या. पहिल्या दिवसाचं कौतुक तिसऱ्या आठवड्यात टिकलं नसेल, तर साधन त्यांच्या कामात बसलेलं नाही.

१७. कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचे आलेख काढणं म्हणजे पाळत नाही का?

होऊ शकते, आणि हा प्रश्न साधन बनवण्याआधी सोडवायला हवा. व्यक्तिगत डेटासाठी आपल्याकडे २०२३ चा कायदा आहे. तुमच्या संस्थेच्या विधी विभागाशी आधी बोला. साधनातही काही करता येतं. सुरुवातीच्या आलेखात नावाऐवजी टोपणक्रमांक ठेवा, नाव उघडायला कारण आणि दुसऱ्याची संमती लागू द्या, आणि कोणी कधी नाव उघडलं याचा लॉग ठेवा. सुरक्षेसाठी गोळा केलेला डेटा हजेरी तपासायला वापरला गेला की लोकांचा विश्वास जातो. मग संशयास्पद मेल आल्यावर तुम्हाला कळवायला कोणी येत नाही.

१८. हल्लेखोर आमच्या स्क्रीनलाच फसवू शकतो का?

हो, कारण लॉगमधला बराच मजकूर त्यानेच लिहिलेला असतो. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल या सॉफ्टवेअर त्रुटीमध्ये नुसती एक ओळ लॉगमध्ये उतरली तरी सर्व्हरवर कोड चालत होता. तुमच्या डॅशबोर्डने तो मजकूर जसाच्या तसा ब्राउझरला दिला, तर धोका विश्लेषकाच्याच संगणकात येतो. लॉगचा सारांश एआयकडून करून घेत असाल तर तीच काळजी घ्या : ब्राउझरच्या नावाच्या जागी 'ही नोंद दुर्लक्षित कर' असं लिहिलेलं असू शकतं. सारांशातल्या प्रत्येक विधानाला मूळ ओळीचा दुवा हवा, आणि अलर्ट बंद करण्याचा अधिकार माणसाकडे हवा.

डोमेनची नावंही फसवतात. २०१४ पासून .भारत आहे, देवनागरीत डोमेन घेता येतं ही आनंदाची गोष्ट. पण वेगवेगळ्या लिपींतली सारखी दिसणारी अक्षरं मिसळून खोटी नावं तयार होतात. म्हणून नाव दिसतं तसं आणि त्याचं प्युनीकोड (साध्या इंग्रजी अक्षरांतलं) रूप, दोन्ही शेजारी दाखवा.

आणि एक डाव अगदी साधा असतो. मोठा डीडॉस (असंख्य यंत्रांकडून रहदारीचा मारा) सुरू करायचा, म्हणजे आपोआप बदलणारी मोजपट्टी इतकी ताणली जाते की बाकीच्या सगळ्या रेषा तळाला चपट्या होतात. त्याच वेळी एखाद्या सर्व्हरवरून डेटा बाहेर जात असतो. बाहेर जाणाऱ्या रहदारीला स्वतंत्र चौकट आणि ठरलेली मोजपट्टी द्या, आणि ती चौकट येणाऱ्या रहदारीसोबत कधीही एका अक्षावर ठेवू नका.